सांगलीतून एमआर्कला जायचंय? फॉर्मच्या आधी वही घ्या

आमच्या ऑफिसात दरवर्षी ट्रेनिंगला पोरं येतात आणि दिवाळी झाली की एकेक जण हळूच विचारायला लागतं, ताई एमआर्क (आर्किटेक्चरची मास्टर्स) करू का, कुठं करू, किती पैसे लागतील. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी बीआर्क सांगलीत केलं, विश्रामबागला एका ऑफिसात जॉब केला, मग 2022 ला भोपाळला लँडस्केपला गेले, त्यामुळं हे सगळं आपल्याकडच्या, म्हणजे शेतीवर घर चालणाऱ्या पोरापोरींच्या नजरेतून लिहिलंय. ज्यांच्या वडिलांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांना यातलं अर्धं लागू नाही.

पहिलं म्हणजे, कशाला करायचंय?

हे विचारलं की लोक चिडतात पण विचारायलाच लागतं. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला एमआर्क लागत नाही, बीआर्क झालं आणि काऊन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन केलं की तुम्ही 1972 च्या कायद्याप्रमाणं आर्किटेक्ट. गावाकडं बंगल्यांची कामं करायची असतील तर दोन वर्षं आणि काही लाख घालवून वेगळं काय मिळणार ते आधी स्वतःला विचारा. कॉलेजात शिकवायचंय, तर एमआर्क लागतंच. लँडस्केप, कॉन्झर्वेशन, अर्बन डिझाइन असल्या एखाद्या विषयात घुसायचंय, तर जरूर करा. आणि "जॉब कंटाळवाणा झालाय" हे कारण असेल तर आधी जॉब बदलून बघा, ते स्वस्त पडतं.

विषय आधी, कॉलेज नंतर. लोक उलटं करतात, "एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जायचंय" म्हणतात आणि विषय विचारला की गप्प. एमआर्क म्हणजे एकच डिग्री नाही, प्रत्येक कॉलेजात विषय वेगळे. पुण्यात कर्वेनगरला मुलींचं भानुबेन नानावटी कॉलेज आहे तिथं लँडस्केप आहे, नागपूरला व्हीएनआयटीत अर्बन डिझाइन आहे, दिल्ली आणि भोपाळच्या एसपीएत कॉन्झर्वेशन, अर्बन डिझाइन, लँडस्केप तिन्ही आहेत, अहमदाबादच्या सेप्टला याहून जास्त फाटे आहेत. प्लॅनिंगकडं ओढा असेल तर तो एमप्लॅन, ती वेगळी डिग्री, तिथं सिव्हिलवाले आणि भूगोलवालेपण वर्गात असतात. प्रॉडक्ट किंवा फर्निचरकडं जायचं असेल तर एमडेस, त्याला सीड नावाची परीक्षा, ती जानेवारीत असते.

कुठल्याही प्रायव्हेट कॉलेजाचा फॉर्म भरायच्या आधी काऊन्सिलच्या साइटवर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी बघा. बीआर्कची मान्यता वेगळी, एमआर्कच्या त्या ठराविक विषयाची वेगळी, आणि किती सीट मंजूर आहेत तेपण लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे.

गेट द्यायची का

द्या. गेट म्हणजे मास्टर्सची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, सरकारी संस्थेत जायचं तर जवळजवळ लागतेच, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे जॉब करता करता एकदा देऊन ठेवली तरी वाया जात नाही. बीआर्कच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटाला सुटतो, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. 2025 च्या गेटची फी जनरल मुलांना 1800 होती आणि मुलींना, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 900. लेट फी लावून घेऊ नका, ते पैसे फुकट जातात.

आपला पेपर एआर. तीन तास, 100 मार्क, त्यातले 15 जनरल ॲप्टिट्यूडचे. एक भाग सगळ्यांना कॉमन आणि एक भाग निवडायचा, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग. ज्यात एकच पर्याय बरोबर असतो त्या प्रश्नांना निगेटिव्ह आहे, पण एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असणाऱ्यांना आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, तेव्हा ते रिकामे सोडून येणं म्हणजे वेडेपणा. एफएआर (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम), डेन्सिटी, पाण्याच्या टाकीचा हिशोब असली गणितं दर वर्षी असतात, मागचे दहा वर्षांचे पेपर हातानं सोडवा. मी क्लास लावला नव्हता. लावणाऱ्यांना नावं ठेवत नाही पण क्लासची फी आधी बजेटमध्ये धरा, नंतर "अरे हो तेपण होतं" असं नको.

निकालानंतर मात्र एक फॉर्म भरला की झालं असं नसतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एनआयटी आणि केंद्राच्या बऱ्याच संस्थांसाठी सीसीएमटी नावाचं एकत्र काऊन्सेलिंग. आयआयटीला प्रत्येकीच्या साइटवर वेगळा फॉर्म, आणि ऑफर आल्या की त्यांच्या पोर्टलवर ठरलेल्या वेळेत उत्तर द्यायचं, स्वीकारलं, थांबतो, किंवा नको. राज्यातल्या कॉलेजांची कॅप, म्हणजे एकत्र प्रवेश फेरी, राज्याचा सीईटी सेल घेतो. सेप्टसारख्या ठिकाणी त्यांची स्वतःची प्रोसेस, तिथं पोर्टफोलिओला वजन. म्हणजे एप्रिल ते जुलै तुमच्याकडं चार पोर्टलचे चार पासवर्ड आणि चार शेवटच्या तारखा असणार. प्रत्येक ठिकाणी त्या वर्षीची माहिती पुस्तिका डाउनलोड करून वाचा, सीनियरनं सांगितलेलं दोन वर्षांपूर्वीचं असतं, माझंपण धरून.

कागद

हे रटाळ आहे म्हणून पटकन. मायग्रेशन आणि ट्रान्सक्रिप्टसाठी शिवाजी विद्यापीठात वेळेत अर्ज टाका, कोल्हापूरला एक चक्कर होणारच असं धरून चाला. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, मध्ये जॉब केला असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, काऊन्सिलचं रजिस्ट्रेशन. जे रिझर्व्हेशनमध्ये आहेत त्यांनी हे नीट वाचा: केंद्राच्या संस्थेला ओबीसी नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तो त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचा. राज्याचा दाखला तिथं चालत नाही, आणि एसईबीसी हा प्रवर्ग तर राज्यापुरताच आहे. मे महिन्यात सेतूत जी गर्दी असते ती बघितलीय ना तुम्ही, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.

ओरिजिनल कागद कॉलेजला दाखवायचे, ठेवून घ्यायला द्यायचे नाहीत. यूजीसीचा तसा नियम आहे.

एसओपी आणि पोर्टफोलिओ

एसओपी म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र. माझ्या एसओपीचं पहिलं वाक्य होतं "मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे". ऑफिसातल्या सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे केरळच्या पोरीनंपण लिहिलं असतं. तू सांगलीची आहेस हे कुठं दिसतंय?"

मला काय लिहायचं कळेना. मग चहा पिताना त्यांनीच विचारलं, पावसाळ्यात तुम्ही घरी सगळ्यात आधी काय बघता? आता सांगलीत याचं उत्तर एकच आहे. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फुटावर. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतं. 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं आणि 2021 ला परत आलं. माझ्या मैत्रिणीचं घर सूर्यवंशी प्लॉटला, तिथं पाणी सगळ्यात आधी शिरतं. मी एका रविवारी टेप घेऊन तिच्या घरी गेले. हॉलच्या भिंतीवर रंगाखालून तपकिरी रेघ अजून दिसत होती, स्विचबोर्डच्या बरीच वर. तिची आई म्हणाली ही एकोणीसची, आणि ती खालची एकवीसची, आणि 2005 ची मागच्या खोलीत होती पण तिथं आता टाइल लावल्या. मी तिन्ही उंच्या मोजल्या, टाइलमागची तिनं हातानं दाखवली तशी, गल्लीतल्या अजून सहा घरांत मोजल्या, आणि त्या सगळ्या एका सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) नदीपासून काढल्या. पोर्टफोलिओतलं ते एक पान. इंटरव्ह्यूला बाकी एकोणीस पानं त्यांनी भराभर उलटली आणि त्या पानावर दहा मिनिटं बोलत बसले.

तुमच्याकडंपण असं काहीतरी असणार. मिरजेला सतारमेकर गल्लीत जा, तंतुवाद्यं बनवणारी ती दुकानं, भोपळे कुठं वाळत ठेवतात, काम करायला उजेड कुठून घेतात, घर कुठं संपतं आणि वर्कशॉप कुठं सुरू होतं, याचं एक मेजर्ड ड्रॉइंग काढा. कॉन्झर्वेशनला जाणाऱ्यानं वाईच्या घाटावर आठवडा काढला तर ते पॅरिसच्या म्युझियमच्या रेंडरपेक्षा भारी दिसेल.

पोर्टफोलिओत ग्रुपचं काम टाकत असाल तर तुमचा वाटा किती ते स्पष्ट लिहा. ऑफिसचं ड्रॉइंग टाकायच्या आधी बॉसला विचारा. आणि फाइलची साइज! माझी पीडीएफ 48 एमबी झाली होती, लिमिट 10, शेवटची तारीख, संध्याकाळी साडेसातला लाइट गेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फुकटच्या साइटनं कॉम्प्रेस केली तर सगळ्या बारीक रेषा धुरकट झाल्या आणि तशीच अपलोड केली. चूक माझीच. स्क्रीनवर बघायला 150 डीपीआय भरपूर होतं, तसंच एक्सपोर्ट करा आणि दोन दिवस आधी करा.

आता पैसे

घरी मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका कागदावर दोन वर्षांची फी लिहून नेली होती. पप्पा अंगणात हळदीची पोती शिवत होते. कागद बघितला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "रक्कम सांगितलीस, तारीख सांग."

मला तेव्हा राग आला, पण मुद्दा तोच होता. आपल्याकडं घरात पैसा येतो तो ठराविक वेळेला. उसाचं बिल कारखाना सुरू झाल्यावर हप्त्याहप्त्यानं, हळद आणि बेदाणा साधारण मार्च ते मे. आणि ॲडमिशनचे पैसे मागतात जून, जुलै, ऑगस्टला, जेव्हा खत, लागण, सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं सगळं झालेलं असतं आणि घरात खडखडाट असतो. वर्षाचा हिशोब जमतो पण जुलै जमत नाही. मग माणूस घाईत व्याजानं घेतो, तिथं बजेट फाटतं.

म्हणून वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, कशासाठी, किती, कुठून. "कुठून" हा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ लाल पेनानं लिहा. माझ्या पहिल्या पानावर सात लाल ओळी होत्या.

ओळी कुठल्या कुठल्या येतात ते सांगते. ॲडमिशनच्या आधीच फॉर्म फी, चार-पाच ठिकाणी भरलं तर ते पाच आकड्यांत सहज जातं. मग सीट ॲक्सेप्टन्स फी, ही फीमध्ये धरली जाते पण भरावी लागते दोन-तीन दिवसांत, आणि वेळेत नाही भरली तर सीट गेली. कार्डची किंवा यूपीआयची रोजची लिमिट आधी वाढवून ठेवा, माझ्या बॅचच्या एकाचं पेमेंट रात्री अकराला त्याच लिमिटमुळं अडकलं होतं आणि त्यानं तीन चुलतभावांना उठवलं. मग पहिल्या सेमिस्टरची फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट. हे सगळं एकाच महिन्यात येतं, बाकीचे तीन सेमिस्टर त्यामानानं हलके.

फीच्या कागदावर जे कधीच नसतं ते खरं नडतं. स्टडी टूर आणि साइट व्हिजिट, लँडस्केपला तर हे पोटापाण्यासारखं. प्रिंट, ज्युरीच्या (कामाच्या परीक्षणाच्या) आदल्या रात्री ए1 चे कलर प्रिंट चार-चार वेळा निघतात कारण उत्तरेचा बाण विसरलेला असतो. मॉडेलचं सामान, लेझर कटिंग. लॅपटॉप, ग्राफिक्स कार्डवाला, जुना चालत असेल तर फक्त रॅम वाढवून बघा. मी प्रत्येक सेमिस्टरला मेसच्या दोन महिन्यांएवढी रक्कम "प्रिंट आणि मॉडेल" म्हणून वेगळी ठेवायची, थिसिसच्या सेमिस्टरला त्याची दुप्पट लागली.

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. ऑटोडेस्कचं स्टुडंट लायसन फुकट आहे, दरवर्षी रिन्यू करायचं. नकाशांचं क्यूजीआयएस आणि थ्रीडीचं ब्लेंडर सगळ्यांनाच फुकट. ऱ्हायनो 90 दिवस ट्रायल देतं, ते सेमिस्टरच्या मध्यात सुरू करा, पहिल्या दिवशी नको.

आणि प्रवास. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट भोपाळ आणि दिल्लीला जाते, हे आपलं नशीब. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, दिवाळीचं तिकीट पहिल्याच सकाळी काढा, नाहीतर तत्काळचे पैसे, नाहीतर पुण्यापर्यंत उभं राहून या.

कर्ज, स्कॉलरशिप

आयआयटी-एनआयटीसारख्या ठिकाणी गेटवर ॲडमिशन मिळाली तर महिना 12,400 ची असिस्टंटशिप असते, बदल्यात आठवड्याला आठ तास डिपार्टमेंटचं काम. तुमच्या संस्थेत, तुमच्या विषयाला ती आहे का आणि किती सीटना आहे हे ऑफिसला मेल करून लेखी विचारा. आणि हे पैसे पहिल्या तारखेला येतील असं समजून मेस ठरवू नका, पहिला हप्ता यायला उशीर होतो, तीन महिने चालेल एवढं हातात ठेवा.

राज्यातल्या कॉलेजला जात असाल तर महाडीबीटी, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपचं पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, आणि ॲडमिशन कॅपमधून असली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर हक्क गेला. तुमचा कोर्स यादीत आहे का ते कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवर ॲडमिशनच्या आधीच विचारून घ्या. हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या साइटपण अधूनमधून बघत जा.

कर्जाचं. साधारण नियम असा की 4 लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्सापण नाही. त्याच्या वर देशातल्या शिक्षणाला 5 टक्के आपण घालायचे, आणि साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आता गंमत बघा, आपल्याकडं लोक म्हणतात सातबारा आहे की, काय काळजी. पण शेतजमीन बँकेला सरफेसी (थकीत कर्जाच्या वसुलीच्या) कायद्यानं जप्त करता येत नाही, म्हणून एज्युकेशन लोनला शेतीचं तारण घ्यायला बँका नाखूश असतात. पाच एकर बागायत असलेला माणूस बँकेत जातो आणि साहेब विचारतो, फ्लॅट आहे का. तेव्हा शक्यतो रक्कम साडेसातच्या आत बसवा. 2024 च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी योजना आली, त्यात यादीतल्या संस्थांना तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाही, आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत. तुमची संस्था त्या यादीत आहे का ते पोर्टलवर दिसतं.

कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, हे बँकवाला दबक्या आवाजात सांगतो. 1 लाख उचलले, 10 टक्के धरले, तर हप्ता सुरू व्हायच्या आधीच 30,000 चढलेले असतात. म्हणून सगळी रक्कम एकदम उचलू नका, सेमिस्टरप्रमाणं उचला. आणि बँकेत जाताना फीचा अधिकृत कागद न्या ज्यात हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, स्टडी टूर सगळं लिहिलेलं असेल, कर्जात ते बसतं पण कागदावर असेल तरच. मी पहिल्यांदा फक्त ट्यूशन फीचं पत्र नेलं, मग परत कॉलेजला मेल, परत पत्र, तीन आठवडे गेले. एका बँकेनं तर कागद दीड महिना नुसते टेबलावर ठेवले, शेवटी दुसरीकडं झालं. त्यामुळं ॲडमिशन पक्की व्हायची वाट बघू नका, गेटचा निकाल लागला की मॅनेजरला भेटून कागदांची यादी घेऊन या.

सीट सोडायची वेळ आली तर

एका ठिकाणी पैसे भरले आणि नंतर चांगली सीट लागली, हे होतंच. यूजीसीचा ठरलेला तक्ता आहे: ॲडमिशनच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा जास्त आधी सोडलं तर थोडा प्रोसेसिंग चार्ज सोडून पूर्ण फी परत, 15 दिवसांच्या आत आलात तर 90 टक्के, तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80, 30 दिवसांपर्यंत 50, पुढं काही नाही. अर्ज लेखी द्या, मेल करा, पोच घ्या. फोनवर "हो हो करतो" म्हणाले तर ते झालेलं नसतं. आणि परत येणारे पैसे "कुठून" च्या रकान्यात लिहू नका, माझ्या एका मैत्रिणीचे नऊ महिन्यांनी आले.

मार्चच्या शेवटी हळद विकली गेली तेव्हा पप्पांनी ॲडमिशनपुरते पैसे वेगळे काढून माझ्या नावावर तीन महिन्यांची एफडी केली, जूनच्या शेवटाला मोडायची अशी. वहीतल्या सात लाल ओळींतल्या चार तिथंच मिटल्या, दोन कर्जानं. सातवी लॅपटॉपची होती. ती तशीच राहिली, दोन वर्षं मी जुन्यावरच काढली, रेंडर लावून मेसला जेवायला जायचे, परत येईपर्यंत निम्मं झालेलं असायचं.